नवरा मारतो, काय करू?

मानेवाडा, नागपूर
९ जून

रजतदादा,

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हाताचं आहे. उजव्या हाताची तीन बोटं प्लास्टरमध्ये आहेत आणि करंगळीत तार घातली आहे. करंगळी आता पूर्ण मिटणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्या ऑफिसच्या वकील प्रेमलता मॅडम म्हणाल्या, "त्याला पत्र लिहू नकोस, त्याचा वकील उद्या तेच कोर्टात दाखवेल." दाखवू दे. जेलमध्ये पत्रं आधी उघडून वाचतात म्हणे. त्यांनीही वाचावं.

आई परवा तुला भेटून आली. चप्पल न काढताच माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "रजत म्हणते, तू रोज फोन करू करू कामिनीले भडकवलं. त्याचा संसार तू मोडला. खरं आहे का वं?"

मी वहिनीला फोन केला नाही. दिवाळीपासून एकदाही नाही. दिवाळीत मी तुमच्या खापरखेड्याच्या क्वार्टरवर आले, तिच्या डोळ्याखालचं काळंनिळं पाहिलं आणि तुला विचारलं, तेव्हा तू माझी पिशवी पायऱ्यांवरून खाली फेकलीस. शेजारपाजारचे बघत होते. त्यानंतर आपलं बोलणं नाही. तुला हे माहीत आहे, तरी आईला सांगताना तू ते गाळलंस.

मी काय केलं ते सांगते. मी एक पोस्ट लिहिली.

तुला माझं काम कधी कळलं नाही. "वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते," असं तू सगळ्यांना सांगायचास. मी मॅडमच्या वेबसाइटवर लेख लिहिते. लोकांना अडचण आली की ते वकिलाकडे जायच्या आधी मोबाईलला विचारतात. त्यांच्या प्रश्नाला आमचं पान वर यावं आणि उघडल्यावर त्यांना उपयोगही व्हावा, हे माझं काम.

बायकांना होणाऱ्या मारहाणीवर पहिला लेख लिहिला त्याचं शीर्षक होतं 'कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा : सविस्तर आढावा'. कुत्रंही फिरकलं नाही. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, "हा तू जजसाठी लिहिलास. बाई कुठे आहे यात?"

मग लोक नेमकं काय टाइप करतात ते मी पाहिलं. ते दाखवणारं एक साधन आमच्याकडे आहे. नावं दिसत नाहीत, फक्त शब्द दिसतात. 'नवरा मारतो काय करू.' 'नवरा मारून राहिला माहेरी सांगू का.' 'पोटावर मारले बाळाला लागते का.' 'पोलीस नवऱ्याला सांगतात का.' 'कान वाजून राहिला मारल्यावर.' मी वाचत गेले आणि डबा खायचा राहिला.

दुसऱ्यांदा लिहिताना मी शहाणपणा केला. 'नवरा मारतो' हे शब्द ओळीओळीत कोंबले. पान भराभर वर चढलं. पण लोक उघडायचे आणि लगेच बंद करायचे. मोबाईलला पटलं होतं, बाईला पटलं नव्हतं. मार खाऊन बसलेल्या बाईला तेच तेच दहा वेळा ऐकवून काय मिळणार?

तिसऱ्यांदा शीर्षक तिचंच घेतलं, जसं ती टाइप करते तसंच. 'नवरा मारतो, काय करू?' आणि पहिल्याच ओळीत उत्तर दिलं. तो आत्ता घरात असेल तर पुढे वाचू नका, ११२ लावा. तो घरात नसेल तर वाचा. मग लहान लहान परिच्छेद, कारण मोबाईल पदराखाली धरून वाचायचं असतं. वर एक लाल बटण, ते दाबलं की हवामानाचं पान उघडतं. कोणती कागदपत्रं शेजारणीकडे ठेवायची, डॉक्टरला खरं काय ते का सांगायचं, आणि शेवटी आमच्या ऑफिसचा नंबर.

त्यात तुझं नाव नव्हतं. वहिनीचंही नव्हतं.

सुरुची

२४ जून

दादा,

मी फोन केला नव्हता, हे लिहिलं ते खरं आहे. फोन तिनं केला. तो मी उचलला. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण लिहावं की नाही ते ठरत नव्हतं. पण वहिनी घरीच सोडून गेली त्या फोनमध्ये तुला आमच्या ऑफिसचा नंबर सापडलाच आहे, मग लपवून काय?

एप्रिल होता. मॅडम कोर्टात गेल्या होत्या, ऑफिसात मी एकटी होते.

"मॅडम, मले एक विचारायचं आहे. नाव नाही सांगत मी."

दुसऱ्याच शब्दाला मला आवाज कळला. तिला माझा कळला नाही. ती एकाच कानानं ऐकत होती आणि भ्यालेली होती.

मी म्हटलं, "विचारा."

"कानातून पाणी येऊन राहिलं. रक्त नाही, पाणीच. आपोआप थांबते का ते?"

"कशाचं लागलं?"

"कुकरचं झाकण."

मागे कुठेतरी तुझी पिंकी पाढे म्हणत होती. वहिनी भराभर बोलली, कोणी मध्येच फोन हिसकावेल तशी. "त्यांनी आवाज दिला, मी मिक्सर लावला होता, मले ऐकू नाही आलं. ते आले अन् म्हणाले, बहिरी झाली का? झाकण हाणलं कानावर. मी पडली. पडल्यावर पाठीत लाथा. ऐकू येत नाही म्हणून मारलं मॅडम, अन् आता खरंच ऐकू नाही येऊन राहिलं."



"वहिनी, मी सुरुची."

ती फोन ठेवील असं मला वाटलं. ठेवला नाही. तिनं विचारलं, "तुम्ही लिहिलं का ते?"

"हो."

"मले वाटलं, कोणी मार खाल्लेली बाई आहे."

"तिच्या पोटची आहे," मी म्हटलं.

तुला आठवतं ना, दादा? बाबा असताना आपण नरखेडकडच्या घरी राहायचो. बाबा बागेतून आले की आई आधी आपल्याला कोठीच्या खोलीत ढकलायची. एकदा त्यांनी तिला मोटरीच्या पट्ट्यानं मारलं, तिचं लुगडं पाठीला चिकटलं. तू नववीत होतास. तू बाहेर गेलास आणि बाबांचा हात धरलास. त्यांनी तुझं डोकं चौकटीवर आपटलं. रक्त डोळ्यात गेलं तरी तू हात सोडला नाहीस. मी दाराच्या फटीतून पाहत होते. त्या दिवशी मला वाटलं होतं, माझ्या भावासारखा माणूस जगात नाही.

पोस्टमध्ये एक ओळ आहे. 'मुलं झोपलेली नसतात, ती ऐकत असतात.' ती तुझ्यामाझ्यावरून लिहिली आहे.

मी वहिनीला घर सोड असं म्हटलं नाही. आधी कान दाखव म्हटलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पडदा फाटल्याचं लिहून दिलं. ती घरी परत आली, कारण तिला एक संधी तुला द्यायची होती. हे तिचे शब्द आहेत. त्याच आठवड्यात तू ताट भिरकावलंस आणि ते पिंकीच्या हनुवटीला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं पिंकीला शाळेत सोडायला नेलं आणि दोघीही परत आल्या नाहीत.

त्या कुठे आहेत ते या पत्रात नाही. पुढच्याही पत्रांत नसेल.

सुरुची

१२ जुलै

दादा,

तुझ्या वकिलानं जामिनाच्या अर्जात लिहिलंय की भावाबहिणीची बोलाचाली झाली, झटापटीत दार लागलं आणि माझी बोटं चेमटली. वाचून मी हसले. ओठावरचा टाका तेव्हा नुकताच निघाला होता, ती जागा दुखली.

मे महिना होता. खिडकीत कूलर चालू होता, हवा खेळावी म्हणून दार उघडं होतं. मी वरणाला फोडणी द्यायला तेल तापत ठेवलं होतं. तू आलास तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं. खरंच. शर्ट घामानं भिजलेला, डोळे लाल. तू पाणी मागितलंस, मी दिलं. तू पेलाभर पाणी शांतपणे प्यायलास आणि तोच पेला माझ्या तोंडावर हाणलास. दात ओठातून आरपार गेला.

"काढ ते," तू म्हणालास. "आत्ताच्या आत्ता काढ."

"काढलं तरी वहिनी येणार नाही, दादा."

तू माझे केस मुठीत धरलेस आणि कपाळ टेबलावर आपटलंस. एकदा, मग पुन्हा. "माया घरातलं तू दुनियेले वाचाले देते? नंबर एकवर आहे म्हणे तुयं ते. प्लांटवर पोरं दाखवून राहिले मले मोबाईलमध्ये! तुया बहिणीचं ऑफिस आहे ना बे हे, म्हणते!"

त्यात तुझं काही नाही, वाच तरी एकदा, असं मी म्हणत होते. तोंडात रक्त होतं, शब्द नीट येत नव्हते. मग तू चार्जरची वायर ओढून घेतलीस. पुढचं तू पोलिसांना सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगते. तू ती माझ्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळलीस आणि माझ्या पाठीत गुडघा दिलास. आधी कूलरचा आवाज गेला. मग डोळ्यांपुढे काळं आलं. मग तू थोडी ढील दिलीस आणि म्हणालास, "काढते का?"

मी काढलं. पासवर्ड टाकला आणि पोस्ट काढून टाकली. जबानीत मी हे सांगितलं नाही, कारण मला त्याची लाज वाटत होती. आता वाटत नाही. जीव हवा होता मला.

तू तिथेच थांबला असतास तर बोटं वाचली असती. पण पोस्ट गेल्याचं पाहून तू जास्तच पिसाळलास. इतकं सोपं होतं तर आधी का नाही, असं काहीतरी बोलत होतास. "उद्या दुसरी लिहिशील," म्हणालास. मला दारापर्यंत फरफटत नेलंस, माझा हात चौकटीवर दाबलास आणि दार लाथेनं लोटलंस. पहिल्यांदा ते नीट लागलं नाही. तू पुन्हा लोटलंस. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तूही ऐकलास. तुझा चेहरा मी पाहिला तेव्हा. तू घाबरला नव्हतास.

त्यानंतर तू मला सोडलंस आणि लॅपटॉप फोडायला वळलास. तेल अजून गॅसवर होतं. मी डाव्या हातानं कढई उचलली आणि तुझ्या मानेवर, पाठीवर ओतली. तुझी किंकाळी ऐकून खालचे घरमालक देवराव काका वर आले. त्यांनी मला बाहेर ओढलं आणि कडी लावून तुला आत कोंडलं. पोलीस येईपर्यंत तू आतून दारावर धडका देत होतास आणि मी जिन्यात बसून मोडकी बोटं मोजत होते, सगळी आहेत ना म्हणून.

मानेचे फोड तू कोर्टाला दाखवलेस. मी नाकारणार नाही. मीच भाजलं तुला. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा भाजीन.

सुरुची

१८ ऑगस्ट

दादा,

पोस्ट परत आली आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

मॅडमकडे जुनी प्रत होती. त्या म्हणाल्या, "तू म्हणशील तेव्हा ठेवू." मी कितीतरी दिवस नको म्हटलं. गल्लीत मोटरसायकल थांबली की मी कडी तपासायची. तू आत आहेस हे माहीत असून तपासायची. दारापाशी गेले की हात आपोआप छातीशी यायचा.

मग एका सकाळी मी ते शब्द दाखवणारं साधन उघडलं. लोक अजून त्याच शब्दांनी शोधत होते. जुन्या दुव्यावरून आमच्या पानावर येत होते, 'हे पान सापडले नाही' एवढं वाचत होते आणि परत जात होते. कुठे जात होते, ते दिसत नाही. एका जागी कोणीतरी लिहिलं होतं, 'नवरा मारतो काय करू ते पान कुठे गेलं'. मोबाईलला विचारलं होतं, दादा. दुसरं कोणाला विचारणार?

जुनी प्रत तशीच ठेवावी असं मला वाटेना. आता मला जास्त माहीत होतं. टाइप करता येत नव्हतं म्हणून मोबाईलशी बोलून लिहिलं. तो 'मारून राहिला'चं 'मरून राहिला' करायचा आणि मी पुन्हा सांगायची. बोलून लिहिलं की वाक्यं आपल्या घरच्यासारखी होतात. कोणी समोर बसलं असावं तसं लिहिलं गेलं. मॅडमनी वाचून एकही शब्द बदलला नाही.

आई तेव्हा स्वयंपाकघरात कणीक मळत होती. जखमी लेकीला जेवू घालायचं आणि आठवड्यातून एकदा तुला भेटायला यायचं, असं तिचं चाललं होतं. मी मोबाईलशी बोलत होते, "मारल्यावर तो रडेल. पायाही पडेल. त्याचं रडणं खरं असू शकते. तरी भरून ठेवलेली बॅग रिकामी करू नका." मागे कणकेचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. आई परातीत हात तसेच ठेवून उभी होती.

"तुया बाप लय रडे," ती म्हणाली.

तिनं कणकेला तेलाचं बोट लावलं, झाकून ठेवली आणि देवासमोर जाऊन बसली.

म्हणून मला वाटलं होतं की ती बदलेल. पण दुसऱ्याच दिवशी तिनं तुझ्या वकिलाकडे जाऊन जामिनाच्या कागदावर सही केली. तू सुटलास की नरखेडकडच्या घरी तिच्याजवळ राहशील, ती जबाबदारी घेईल, असं त्यात आहे. मी ओरडले तिच्यावर. तिनं माझ्या थोबाडीत दिली. एवढी मोठी झाल्यावर पहिल्यांदाच.

"तुयी बोटं जुळून येतीन," ती म्हणाली. "माया पोरगा तिथं सडून राहिला."

मग तिनंच माझी वेणी घातली, कारण मला घालता येत नाही.

सुरुची

२० सप्टेंबर

दादा,

तुझ्या वकिलानं काल तुझा निरोप आईला पोचवला. "जजसमोर तू माझ्यासाठी हात जोडलेस, मी जन्मभर विसरणार नाही. जामीन नाही झाला त्यात तुझा दोष नाही. भेटायला ये." आईनं ऐकलं आणि आत निघून गेली. वकील मला म्हणाला की तुला जेलमधून व्हिडिओवर घेतलं होतं तेव्हा तुझ्याकडे आवाज येत नव्हता, नुसतं चित्र दिसत होतं. त्यानंही तुला फक्त जामीन नाकारला एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायचं त्याच्या जिवावर आलं असेल.

तू चित्र पाहिलंस. बोलणं मी सांगते.

मी मागच्या बाकावर होते. तुझ्या वकिलानं आधी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की ही पोस्ट गूगलवर वर यावी म्हणून मुद्दाम लिहिली, घरं फोडून प्रसिद्धी मिळवायचा हा धंदा आहे. जज मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून म्हटलं, "हो, वर यावी म्हणूनच लिहिली. खाली राहिली असती तर माझ्या वहिनीला सापडली नसती." त्यांनी मला बसायला सांगितलं.

मग त्यांनी आईला पुढे बोलावलं. ती पदर सावरत गेली, तू पाहिलंस ना? भिंतीवरच्या पडद्यावर तू होतास. दाढी वाढलेली. आई आधी तुझ्याकडेच बघत राहिली.

जज मॅडम म्हणाल्या, "बाई, मुलगा तुमच्याजवळ राहील असं तुम्ही लिहून दिलंय. तो पुन्हा कोणावर हात उचलणार नाही, याची जबाबदारी घेता? आवराल त्याला?"

आई म्हणाली, "त्याच्या बापाले नाही आवरू शकली मी."

तुझा वकील मध्ये बोलायला उठला, त्याला त्यांनी थांबवलं. "मग सही का केलीत?"

"पोरगा आहे माया."

आईनं पदराचं टोक दातात धरलं होतं, ते सोडलं आणि ती बोलू लागली. पुढचं मला तोवर माहीत नव्हतं. तिनं माझ्यापासून लपवलं होतं.

"मी भेटाले जातो तवा तो माया हालहवाल नाही विचारत, मॅडम. पोरीचंबी नाही विचारत. मांगच्या खेपेले मले म्हणे, सुटलो का पहिले सुरुचीचा दुसरा हात. मंग कामिनीले शोधतो. हासून म्हणे. मी म्हटलं, रागात आहे, जाऊ दे. घरी आली, भाकरी खाल्ली, झोपली. झोपेत त्याचा बाप दिसला मले, पट्टा घेऊन. जागी झाली तवा कळलं का बापाचं तोंड नव्हतं ते. रजतचं होतं."

त्यानंतर तिनं हात जोडले. तू तेच पाहिलंस. ती जज मॅडमला म्हणाली, "पाया पडतो तुमच्या. त्याले घरी नका पाठवू. मले त्याची भीती वाटते."

सुरुची